हातानं दिलेला पुदिना

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी शांत होऊन, शहाण्यासारखं सांगीन, आणि मला तसं सांगायचंच नाहीये. सकाळी आमच्या घरात जे झालं ते झालंच, पण ते कळायला आधी माझी आत्या कळायला पाहिजे.

माझी आत्या पाहुण्यांना स्वतःच्या घरात चोरी करायला लावायची. खरंच! चिकलठाण्याला तिचं छोटंसं रो-हाऊस आहे, त्याच्या गच्चीवर पुदिना, गवती चहा, ओवा, तुळस, सब्जा, कढीपत्ता, काय काय लावलेलं. पण यातलं रोप ती कुणाला हातानं द्यायची नाही. कुणी मागितलं की कपाळावर हात मारायची. "मागितलंस ना? मेलं बघ आता ते. मागितलेलं रोप रुसतं, चोरलेलं जगतं." मग स्वतःच भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. "मी बघत नाय. काय न्यायचं ते ने, पण मुळासकट ने."

सगळ्या कॉलनीला हे माहीत होतं. शेजारच्या खाला तर कंपाउंडवरनंच ओरडायच्या, "आपा, जरा उधर देखो, मेरेकू पुदिना होना!" आणि आत्या डोळ्यांवर पदर घेऊन म्हणायची, "ले लो, मैं तो आंधळी है!" दोघी इतक्या हसायच्या की चोरी राहूनच जायची. सगळे तिला पुदिनाआत्याच म्हणायचे.

आम्ही शहागंजच्या मागं राहतो, आणि रविवार म्हणजे आत्याकडं, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं. तिच्याकडं कुंडी म्हणून एकही नव्हती. ऑइल पेंटचे डबे, फुटका माठ, फळवाल्याचे थर्माकोलचे खोके. मामा (आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) कंपनीतून रिटायर झाले त्या दिवशी हार आणि घड्याळ घेऊन घरी आले, तर ही म्हणे, "घड्याळ काय करायचंय, दोन रिकामे डबे मागायचे ना!"

आणि पाणी! आपल्या शहरात नळ कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. आला तर आला, नाहीतर आठवडाभर ड्रमकडं बघत बसा. म्हणून आत्याकडं जेवायच्या आधी बेसिनवर हात धुवायची बंदी. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. पप्पांनी गवती चहावर हात धुवायचे, आईनं कढीपत्त्यावर, मी पुदिन्यावर. एकदा मी घाईत कोरफडीवर धुतले तर काय ओरडली! "अगं मने, सडंल ना ती! तिला तहान नसती, ती आपल्यासारखी नाय." मग ओव्याच्या पानांची गरम भजी, ज्वारीची भाकरी, पुदिन्याची चटणी. जेवण झालं की गवती चहाचा चहा, आणि पाण्याला उकळी आली की वास थेट जिन्यापर्यंत. "नुस्त्या वासानं पोट भरत नाय, बस आन पी," हे ती प्रत्येकाला म्हणायची, अगदी गॅस सिलिंडरवाल्याला सुद्धा.

सगळ्यात भारी चोर म्हणजे माझे पप्पा. किराणावाल्यानं चुकून दोन रुपये जास्त दिले तरी परत जाणारा माणूस, पण तिथं गेला की अक्काचा धाकटा भाऊ व्हायचा. गवती चहाचं ठोंब उपटून हेल्मेटमध्ये लपवायचे, पुदिना खिशात कोंबायचे. आत्या भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "कुणाचं तरी हेल्मेट जड व्हायलंय वाटतं." पप्पा म्हणायचे, "अक्का, तू बघायलीस!" "मी कुठं बघायले? वास यायलाय मला." पन्नाशीचे पप्पा तेव्हा दहा वर्षांचे दिसायचे. मला ते पप्पा लई आवडायचे.

मग आजोबा गेले. वैजापूरजवळची जमीन पप्पा आणि काका, दोघांच्याच नावावर करायची होती. त्यासाठी आत्याची हक्कसोड लागत होती, म्हणजे 'मला यात वाटा नको' अशी सही. पप्पांनी ते रविवारी काढलं. कपात बघत म्हणाले, "अक्का, एक सही लागती. सगळ्याच बहिणी देतात तसली."

आत्या पुदिना निवडत होती. म्हणाली, "बाबू, मला विचारायलास का सांगायलास?"

"विचारायलोय की."

"मग नाय म्हणलं तर?"

पप्पांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. आई पदराशी खेळत बसली, मामा उठून आत गेले. शेवटी आत्याच हसली. "घाबरलास व्हय रे? देते. या वयात माहेर तोडून कुठं जाऊ?" लगेच आई म्हणाली, "अक्कांचं मन किती मोठं आहे!" आणि सगळ्यांनी पटापट कप उचलले.

रजिस्ट्री ऑफिसात मीही गेले होते. तिथं मशीनवर अंगठा ठेवावा लागतो, आणि आत्याचा अंगठा लागेचना. माती-पाण्यात राहून रेषाच झिजलेल्या. ती पदराला बोट पुसायची, परत ठेवायची. "घे की बाबा, मी देतेय ना," असं मशीनला म्हणत होती. लोक हसले. ती पण हसली. पप्पा नाही हसले. लागला एकदाचा अंगठा. पप्पांनी तिच्यासाठी साडी आणली होती, चांगली भारीतली. ती उघडून न बघताच पिशवीत ठेवून म्हणाली, "कशाला एवढं? मी काय मागितलं होतं का?"

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गेलो. भजी झाली, चहा झाला. निघताना पप्पा सवयीनं हेल्मेट घेऊन गच्चीवर रेंगाळले, आत्या कधी भिंतीकडं तोंड करते म्हणून. ती वळलीच नाही. तिनं कात्री घेतली, पुदिना कापला, गवती चहाचं ठोंब स्वतः उकरलं, पेपरात गुंडाळलं आणि पप्पांच्या हातात दिलं.

"अक्का, हातानं?"

"आता काय लपवायचं बाबू. सगळं तुमचंच तर हाय."

रागावली नव्हती हो. रागावली असती तर बरं झालं असतं. पप्पा पुडकं धरून नुसते उभे.

तुम्हाला वाटेल ती रोपं मेली. नाही मेली! पुदिना कसला मरतोय, आमच्या खिडकीत नुसता माजलाय. पण पप्पा ती चटणी खात नाहीत, पित्त होतं म्हणतात. रविवारी कधी गाडीचं काम निघतं, कधी पाहुणे येणार असतात. सुरुवातीला आत्याचा फोन यायचा, "येताय ना? भज्यांचं पीठ जास्त भिजवते." हल्ली येत नाही.

आता आज सकाळचं. माझ्या भावाचं लग्न ठरतंय, त्यावरनं बोलणं चाललं होतं. आई सहज म्हणाली, "आपली मनी काही भावाकडं वाटा मागायची नाही, अक्कांवर गेलीय ती."

मी म्हणाले, "मागणार."

आई आधी हसलीच. मग म्हणाली, "असलं कुणी शिकवलं गं तुला?"

"आत्यानं."

"अक्कांनी? त्यांनी तर सही दिली!"

"म्हणूनच."

पप्पांनी मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "तिनं तुला काही सांगितलं का? माझ्याबद्दल?" मी नाही म्हणाले. खरंच, एक शब्द नाही सांगितला तिनं कधी. तर पप्पांचं तोंड असं झालं, जणू काहीतरी सांगितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

मी स्कूटीची चावी घेतलीय. एकटीच चाललेय चिकलठाण्याला. पप्पा कधीचे दारात उभे आहेत, चल म्हणत नाहीत, जाऊ नको पण म्हणत नाहीत, आणि मी चपला घालता घालता हे टाइप करतेय. तुमच्याही घरात कुण्या आत्यानं, कुण्या ताईनं अशी हसत सही दिलीय का? आणि खरं सांगा, त्यानंतर तुम्ही तिच्याकडं आधीसारखे जाऊ शकलात का?