आईची पहिली घागर

आखाजीच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, "उद्या जेवाले कोणाले सांगतलं?" मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. पेपर तीन दिवसांपूर्वीचा होता. कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगावं असं कोणी उरलं नव्हतं.

आमच्या वऱ्हाडात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि त्याच्या जागी एकाला जेवायला बसवतात. तो पितर. पितर जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही. आणि पितर घरचा चालत नाही, बाहेरचाच लागतो. कावळ्याचं पान वेगळं असतं. ते कावळा खातोच, त्याला कुठे लॉकडाऊन. आई गेल्यानंतरची ही पहिली आखाजी होती.

आई आदल्या भाद्रपदात कोरोनानं गेली. नऊ दिवस अमरावतीतल्या एका दवाखान्यात होती. आत कोणाला सोडत नव्हते. मी रोज सकाळी डबा घेऊन जायचो, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायचो, गेटवरच्या टेबलावर ठेवायचो आणि मागे फिरायचो. सहाव्या दिवशी आतल्या कोणीतरी स्वतःच्या फोनवरून तिचं बोलणं करून दिलं. ती म्हणाली, "मले भूक लागून राहिली रे. तू डबा काहून नाही आणत?"

"आणतो ना आई. रोज आणतो."

"बरं," ती म्हणाली. तिला ते खरं वाटलं नव्हतं, हे मला त्या एका शब्दावरून कळलं. डबे चुकीच्या खाटेवर गेले, की टेबलावरच राहिले, मला आजही माहीत नाही. तिथली माणसंही जिवाच्या आकांतानं पळत होती, त्यांच्यावर काय चिडायचं? तरी मी चिडलो, आणि अजूनही चिडतो. माझी आई भुकेली गेली, आणि मुलानं डबा दिला नाही असं समजून गेली.

बायकोनं हे माझ्याहून जास्त मनाला लावून घेतलं होतं. चैत्रात तिलाही कोरोना झाला. सतरा दिवस ती मागच्या खोलीत होती. घरात रुग्ण असल्याचा फाटकावरचा कागद निघाला, त्याची चिकटपट्टी तशीच राहिली. भिंत धरल्याशिवाय तिला चालवत नव्हतं. डॉक्टरांनी दर दोन तासांनी खायला सांगितलं होतं. पण आखाजीच्या दिवशी ती पहाटेच उठली. कुंभाराकडून नवी घागर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून माळ्यावरची कोरी घागर काढून भरली. स्टुलावर बसून, मध्येमध्ये दम खात तिनं पुरणपोळ्या केल्या, कढी केली, कुरडया तळल्या, चिंचगुळाची चिंचवणी केली. मी चिडलो तर म्हणाली, "आई उपाशी गेल्या. कोणी जेवल्याबिगर मी नाही जेवणार. गोळ्याही मंग घीन."

आदल्या रात्री मी शेवटी अकोल्याला बहिणीच्या नवऱ्याला फोन केला होता, तो येतो म्हणाला होता. जावई पितर म्हणून बसला की प्रश्नच मिटला असता. त्याचा फोन आला, "दादा, पास नाही भेटून राहिला. जिल्ह्याच्या हद्दीवरूनच वापस पाठवून राहिले." शेजाऱ्याला विचारलं. वीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारा हा माणूस. गच्चीवरूनच म्हणाला की आज त्याचा उपास आहे. आखाजीला उपास! मी बरं म्हणून खाली आलो. दुपारचा एक वाजला होता. बायको घागरीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. मी डबा भरला आणि पांदणीच्या वाटेला लागलो.

आमच्या कॉलनीमागून एक पांदण, म्हणजे शेतांतली गाडीवाट, वावरांमधून भातकुलीकडे जाते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मोठ्या रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या चालत, तेव्हा आई आणि मी रोज सकाळी याच वाटेनं फिरायचो. आई लुगडं खोचून पुढे, मी मागे. वाटेत भाजीचा एक मळा आहे. तिथल्या बाईला आई रोज वांग्याचा भाव विचारायची, जवळ दमडी नसायची तरी. मग दोघी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बोलत, मी ताटकळत उभा. त्या बाईची मला सगळ्यात शेवटी आठवण झाली. आधी जावई, मग शेजारी, मग ती, असा माझा क्रम होता. तोही लिहून ठेवलेला बरा.

ती बाभळीखाली सांबाराच्या जुड्या बांधत होती. बाजार बंद होता, कोथिंबिरीचा ढीग सुकून चालला होता, तरी बांधत होती. मला पाहून उठली आणि चार पावलं मागे सरली. मी डबा धुऱ्यावर ठेवला, लांब उभा राहिलो आणि कशासाठी आलो ते सांगितलं. तिनं पदर नाकावर धरला होता. डोळे भरलेले दिसले.

"दादा, राग नका मानू," ती म्हणाली. "तुमची माय लय मायाळू होती. पण तुमच्या घरातली बिमारी आत्ता गेली, अन् माह्या घरी दोन लहान लेकरं हायेत. तुमी डबा ठेवून जासान तर मी घीन, पण खाईन नाही. कुत्र्याले टाकीन. तुमच्या मायच्या नावाचं हाये, खोटं कसं बोलू?"

मला राग आला नाही. दिवसभरात खरं बोललेली ती एकटीच होती. डबा उचलून मी पुढे निघालो. उन्हात पांदणीवर चिटपाखरू नव्हतं. अर्धा तास चाललो, कोणीच भेटलं नाही. डबा तसाच घरी नेला तर बायको जेवणार नव्हती, आणि तिच्या अंगात संध्याकाळपर्यंत टिकण्याइतका जोर नव्हता. कोरड्या नाल्यात उतरलो आणि पोळ्या, कुरडया, कढी, सगळं तिथे पालथं केलं. आईच्या नऊ डब्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. हा दहावा मी स्वतः मातीत टाकला. मी खूप रडलो, मोठ्यानं. ऐकायला कोणी नव्हतं. मग एका वावरातल्या हौदावर डबा घासून धुतला.

बायको दारातच होती. तिनं डबा उघडून पाहिला.

"जेवलं कोणी?"

"मळ्यातली बाई जेवली. डबा तिनंच धुवून दिला."

"पोटभर जेवली ना?"

"पोटभर." आणि खोटं पक्कं व्हावं म्हणून मी जोडलं, "चिंचवणी दोनदा घेतली."

बायको उंबऱ्यावरच खाली बसली. भाद्रपदापासून तिचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

"आईही दोनदाच घेत," ती म्हणाली. मग भिंत धरून उठली, दोन ताटं मांडली, मलाही वाढलं, आणि मी जेवलो.