हॉटेलातला मलेरिया

अमेरिकेत पार्सिपनीजवळ हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलचा अख्खा मजला आमच्या संशोधनासाठी घेतला होता. एका खोलीतले पलंग बाहेर काढून तिथे मायक्रोस्कोप मांडले होते आणि बाकीच्या खोल्यांत आमचे स्वयंसेवक राहत होते. धडधाकट तरुण माणसं. त्यांना आधी मलेरियाची नवी लस टोचली होती आणि मग मलेरियाचे डास मुद्दाम चावू दिले होते. डास आइस्क्रीमच्या कपासारख्या कागदी कपात असायचे, वर जाळी. तो कप हातावर उपडा धरायचा आणि गप्प बसायचं. लस लागू पडली तर काहीच होत नाही. नाही पडली तर काही दिवसांनी रक्तात जंतू दिसतात, आणि दिसले की लगेच औषध सुरू करायचं. ते वेळेवर दिलं नाही तर हाच मलेरिया मेंदूत जातो.

मेंदूत गेला की काय होतं ते मी केनियात बघून आले होते. तळ्याकाठच्या एका हॉस्पिटलात मी कितीतरी वर्षं रक्ताच्या स्लाइड वाचल्या. मी पीएचडीवाली डॉक्टर, औषधं देणारी नव्हे. आमच्या मराठी मंडळाला हा फरक आजवर पटलेला नाही. गणपतीत लोक प्रसाद घेता घेता मला आपले गुडघे दाखवतात. केनियात मात्र फरक सगळ्यांना ठाऊक होता. मी फक्त जंतू आहे की नाही ते सांगायची. बहुतेक वेळा तो असायचाच, आणि मूल तोवर हाका मारून उठेनासं झालेलं असायचं.

आमच्या स्वयंसेवकांत एक पुण्याचा मुलगा होता. मुलगा म्हणजे तिशीतला, जवळच्याच पिस्कॅटवे गावात राहणारा. एक प्रोजेक्ट संपला होता, दुसरा मिळत नव्हता, म्हणजे त्यांच्या भाषेत तो बेंचवर होता. "काकू, घरी बसून जॉब साइट रिफ्रेश करण्यापेक्षा सायन्सला थोडी हेल्प करतो ना यार," असं त्याने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मला यार म्हणणारा तो पहिलाच. मला तो आवडायचा. पण मलेरिया म्हणजे जणू नवं सॉफ्टवेअर, चालवून बघू, अशा थाटात तो बोलायचा तेव्हा डोक्यात तिडीक जायची.

त्या दिवशी त्याने सकाळी बोटाचं रक्त दिलं आणि गेला. थोड्या वेळाने मी त्याची स्लाइड लावली आणि मला निळसर कडं दिसलं, कड्यावर लाल ठिपका, म्हणजे मलेरियाचा जंतू. सरकवून पाहिलं, आणखी एक. शेजारच्या सहकाऱ्याला बघायला लावलं. तोही जंतूच म्हणाला. मी गोळ्यांची बाटली घेऊन मुलाच्या खोलीवर गेले तर खोली रिकामी आणि मोबाइल बंद.

पिस्कॅटवेतल्या त्याच्या रूममेटला फोन लावला. "काकू, तो नेवार्क एअरपोर्टला गेलाय. वहिनी येतेय ना आज! व्हिसा मिळाला तशी तिने फ्लाइट प्रीपोन केली. तुम्हाला नाही बोलला?"

नाही बोलला. बायकोलाही हॉटेलाबद्दल काही बोलला नव्हता, हे त्याच फोनवर कळलं. लग्न होऊन सहा-सात महिने झालेले, आणि नवरा ट्रेनिंगला गेलाय अशी तिची समजूत. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, तू जा, तुझं तो ऐकेल. दुपारपर्यंत सापडला नाही तर पोलिसांना कळवावं लागेल. व्हिसावरच्या मुलामागे पोलीस, तेही जुळे मनोरे पाडल्यानंतरच्या त्या वर्षांत! मी गाडी काढली.

एअरपोर्टवर जागोजागी बंदुकवाले उभे होते. माझ्यासारख्या सावळ्या बाईने तिथे "एका माणसाच्या रक्तात जंतू सोडलेत, तो मला सापडत नाहीये" असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. मी पर्स छातीशी धरून गर्दीत चेहरे शोधत फिरत राहिले. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि एका खांबाशी तो जाकीट घालून उभा होता. मला पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"निघालंय?" त्याने विचारलं.

"निघालंय. आत्ता गोळ्या घे आणि चल."

"काकू, प्लीज. ती कस्टममधून बाहेर येतेय. तिला घरी सोडतो, संध्याकाळी येतो. मला काही होत नाहीये, खरंच."

त्याचे दात वाजत होते. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी गोळ्या काढेपर्यंत ती समोर आलीच, दोन बॅगांची गाडी ढकलत, डोळे लाल, चेहरा हसरा. "ह्या आपल्या मंडळातल्या काकू," तो म्हणाला. ती तिथेच वाकून मला नमस्कार करायला लागली आणि माझ्या हातात गोळ्यांची बाटली. आमचा नियम असा, की स्वयंसेवकाबद्दल त्याच्या घरच्यांनाही काही सांगायचं नाही. मी तोंड मिटून बाटली त्याच्यापुढे धरली. तिने ती मधल्यामधे घेतली आणि वाचली.

"क्लोरोक्विन? ही मलेरियाची ना? आमच्या सोसायटीत सगळ्यांना दिली होती." तिने त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे, तू तापलायस! इथे कुठून मलेरिया झाला?"

तो खाली बघत म्हणाला, "घेतला. मुद्दाम."

त्याने जेमतेम चार वाक्यांत सगळं सांगितलं, लस, डास, हॉटेल, माझं केनियातलं कामसुद्धा. मला वाटलं ती आता ओरडेल, रडेल. तिने स्वतःच्या पर्समधली विमानातली पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "आधी गोळ्या गीळ. मग बघते तुझ्याकडे."

गाडीत ती मागे त्याच्याजवळ बसली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर औषध पुन्हा द्यावं लागतं. म्हणून मी एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात ठेवून चालवत होते. त्याला उलटी झालीच, थेट तिच्या नव्या ओढणीवर. मी गाडी कडेला घेतली. तिने त्याचं तोंड पुसलं, मी पुन्हा गोळ्या दिल्या. ह्या वेळी पोटात राहिल्या. मग ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली.

"तिकडे आफ्रिकेत मुलांना हेच औषध देता?"

"तिकडे ते आता चालत नाही. जंतू दाद देत नाहीत."

"मग ह्याला कसं चालेल?" तिचा आवाज चढला.

"ह्याला आम्ही जुना जंतू दिलाय. ह्या औषधाने मरतो अशी खात्री करूनच."

तिने घाण झालेली ओढणी गुंडाळून पायाशी ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडच्या मुलांना असं निवडून मिळत नाही." मी आरशातून नजर काढून रस्त्यावर लावली.

तिचा अमेरिकेतला संसार त्या हॉटेलच्या खोलीत सुरू झाला. प्रमुख बाईंनी डोळेझाक केली. ताप चढत होता तोवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, पण त्याच्या उशाशी बसून राहिली. मी दिवसातून दोनदा स्लाइड बघायची. जंतू कमी होत गेले, तरी होते. रोज दार उघडताच ती विचारायची, "आहेत?" आणि मी म्हणायची, "आहेत अजून."

एका सकाळी मला काही सापडेना. मी अख्खी स्लाइड दोनदा चाळली. सहकाऱ्यानेही चाळली. मग सहकारीच म्हणाला, त्याच्या बायकोलाही दाखव ना, आणि मी तिला काही न सांगताच बोलावलं. तिने डोळा लावला, फिरवून फिरवून बघितलं आणि आपल्यालाच बघता येत नाही असं वाटून धास्तावून म्हणाली, "काकू, मला यात काहीच दिसत नाहीये."

केनियात इतक्या आया माझ्या दाराशी बसलेल्या असायच्या, पण असं बोलावून दाखवावी अशी रिकामी स्लाइड मला फार थोड्या वेळा मिळाली होती. मला एकदम रडू फुटलं. आणि ती पोरगी, काहीतरी वाईट झालं असं समजून, नवऱ्याला हाका मारत खोलीकडे धावली.