दाराजवळची जागा

भूकंप झाला त्या पहाटे अम्मी आणि धाकटी बहीण घरात होत्या. अब्बा आणि मी अंगणात झोपलो होतो. सकाळी आम्ही दोघंच होतो.

पुढं लातूरला, बारावीच्या क्लासात, मागची पोरं माझं बाकडं हलवायची. मी दाराकडं पळायचे. वर्ग हसायचा.

"पळ गं भूकंप, पळ! आला बघ!"

सरही हसायचे. मग म्हणायचे, "फुकट बसतीस ना? गुमान बस."

खरंच फुकट होतं. भूकंपग्रस्त म्हणून फी माफ. क्लास तिसऱ्या मजल्यावर. तास सुरू झाला की सर दाराला आतून कडी घालायचे. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचं नाही, ही तिथली शिस्त. त्या कडीकडं बघत मी शिकले. ही जागा गेली तर शिक्षण गेलं, एवढंच डोक्यात असायचं.

अब्बा शिंपी. ढिगाऱ्यातून त्यांनी शिलाई मशीन काढलं, तेल घातलं, पत्र्याच्या शेडपुढं मांडलं. शिवायला कोणी आलं नाही. परदेशातून मदतीचे गठ्ठे आले होते. कोट, स्वेटर, झगे. गाव तेच घालत होतं. गावाचं काय चुकलं? अंगावर काही नव्हतं. मलाही एक लाल कोट मिळाला. अब्बांनी बाह्या कापल्या नाहीत, आत दुमडल्या. पोरगी वाढेल म्हणून. नंतर आम्ही लातूरला आलो. अब्बा दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करू लागले.

क्लासात सरांनी जागतिकीकरणावरच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं. फायदे, तोटे. तसंच पाठ करायचं, स्वतःचा शब्द घालायचा नाही. मला ते पटेना. मी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं वाचू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. निम्मे शब्द अडायचे. एकदा वाचलं, दूरच्या एका देशात बाहेरून वापरलेले कपडे आले आणि तिथले शिंपी रिकामे बसले. मी पुन्हा वाचलं. अम्मीला जमिनीनं नेलं होतं. अब्बांचं काम जमिनीनं नेलं नव्हतं.

वर्गात मी विचारलं, "सर, बाहेरून आलेल्या कपड्यांनी शिंप्याचं काम गेलं, ते फायद्यात लिहायचं का तोट्यात?"

"त्यांचंच अंगावर घालायचं अन् त्यांनाच नावं ठेवायची? उद्या देणगीवाले पाहुणे येणार हायत. थंडीत घालतीस तो मदतीचा लाल कोट घालून ये. धन्यवाद म्हण. तुझी जागा लई जणांना पाहिजे."

घरी अब्बांनी स्वतः बाह्या उसवून लांब केल्या. "पैन ले बेटा. कोट से क्या होता? जागा गई तो?"

मी घातला. पाहुणे समोर बसलेले. दाराला कडी. सर म्हणाले, "ही आमची भूकंपग्रस्त." खालून ट्रक गेला. फरशी थरथरली. सगळं अंग दाराकडं ओढत होतं. मी हलले नाही. कोट काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला.

"माझे अब्बा शिंपी हायत. असल्या कपड्यांनी त्यांचं काम गेलं. मी धन्यवाद म्हणणार न्हाई."

कोणी हसलं नाही. मग मीच कडी काढली. जिना उतरून खाली आले.

जागा गेली. बारावी मी वाचनालयात बसून केली.

आता मी नांदेडला असते. अब्बा नाहीत. मशीन आहे. भीती आहे. कुठंही गेले तरी दाराजवळ बसते. जे पटत नाही ते तिथून विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.