तुळशीरामची बाग आणि माझा खराटा

तुळशीराम आणि मी एकाच गाडीने कोकणात गेलो. साल एक्क्याण्णव. तिकडे रेल्वेचे बोगदे खणायचं काम निघालं होतं आणि नांदुऱ्यातून आम्ही अकरा जण भरती झालो. पाच वर्षांनी परत आलो. बाकीच्यांनी येताना आमसुलं आणि काजू आणले. तुळशीरामने बायको आणली.

तिचं नाव चांगुणा. संगमेश्वराकडची. तिच्या बापाची आंब्याची, सुपारीची थोडी बाग होती आणि आम्ही कामावरून येताना तिच्या विहिरीवर पाणी प्यायचो. लग्न कसं जमलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण तुळशीराम बोलत नाही. दगड फोडताना बोलत नव्हता, नंतर मार्केट यार्डात माझ्याबरोबर सत्तावीस वर्षं पोती वाहिली तेव्हाही बोलत नव्हता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन माणूस पन्नास पावलं कसा चालतो, यावरून मी माणूस ओळखतो. तुळशीराम पोतं कधी टाकत नसे, ठेवत असे.

त्यांना मूलबाळ झालं नाही. घर गावाच्या टोकाला, पुढे एक गुंठ्याचं मोकळं अंगण. मुरुमाची भर घातलेली जमीन. नळ दहा-बारा दिवसांनी येतो. कोपऱ्यात एक कडुनिंब, तोही बांधकामात अर्धा तोडलेला. चांगुणाने त्या अंगणात पंचवीसहून जास्त वर्षं काढली. तक्रार केली नाही. फक्त उन्हाळ्यात दुपारी दारात उभी राहून बाहेर बघायची, एवढं मी पाहिलं आहे.

चार वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली. भाऊ मुंबईत. चांगुणा महिन्यासाठी म्हणून गेली ती तिकडेच राहिली. पहिल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस आली. दुसऱ्या वर्षी तीन दिवस. तिसऱ्या दिवाळीला आली नाही. तुळशीरामने फोन केला तेव्हा मी त्याच्या ओट्यावरच बसलो होतो. फोनचा आवाज त्याने मोठा ठेवलेला, कारण त्याला कमी ऐकू येतं.

"येतं का?" तो म्हणाला.

"येऊन करू काय तिथं?" चांगुणा म्हणाली. भांडून नाही, दमून म्हणाली. "अंगणात उभं राहायला सावली नाय. तुम्ही बोलत नाय. भिंतीशी बोलू?"

तुळशीरामने फोन ठेवला आणि अंगणाकडे बघत बसला. बोलणं त्याच्या हातात नव्हतं. सावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो चुन्याची फक्की घेऊन अंगणात रेघा मारत होता. बोगद्याच्या कामावर साहेब लोक मारायचे तशा.

"काय करून राह्यला बे?" मी विचारलं.

"बाग."

"कशाची?"

"कोकणातल्यासारखी."

मी हसलो. यार्डात सांगितलं तर सगळेच हसले. भाऊराव मापाडी म्हणाला, "तुळशीराम, नारळ उतरवाले मले बोलाव बरं. मी लुंगी शिवून ठेवतो."

तुळशीराम हसला नाही, रागावलाही नाही. त्याने आठ महिने काम केलं. पेन्शन त्याला नाही, कधीतरी यार्डात अर्धा दिवस मिळतो. म्हणून विकत काही आणायचं नाही आणि पाणी मागेल असं काही लावायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. कोकणात जी झाडं असतात ती इथे जगणार नाहीत. पण कोकणात जे दिसतं ते इथल्या झाडांतून दाखवता येईल, असा त्याचा हिशेब. मोठी पानं, वेल, दाटी, सावली.

पश्चिमेकडून ऊन आणि झळा येतात, म्हणून तिकडे शेवग्याचे सहा फाटे रोवले. त्यांच्या पुढे एरंड. एरंड आपण होळीपुरता ओळखतो, बाकी उकिरड्यावरचं झाड. पण रांगेत लावला तर वर्षात डोक्यावर जातो आणि त्याचं पान हातभर पसरतं. लांबून बघणाऱ्याला ते काहीतरी परदेशी वाटतं. कडुनिंबावर गुळवेल चढवली. तिला पाणी लागत नाही आणि पान बदामाच्या आकाराचं, वरपासून खालपर्यंत हिरवा पडदा. देवळामागच्या चाफ्याच्या फांद्या आणल्या, आठ दिवस सावलीत सुकवल्या, मग लावल्या. रेल्वेच्या कडेची घायपात, कुणाच्या घरची कोरफड. प्रत्येक खड्डा एक हात रुंद, दोन हात खोल. मुरुमात टिकास चालवून एका दिवसात असे दोनच खड्डे होतात, आमच्या वयाला. तीस खड्डे होते. मी मोजले. मदत केली नाही, कारण मला ते काम वेडेपणाचं वाटत होतं.

पाणी पिणारी झाडं दोनच. कर्दळ आणि केळ. ती न्हाणीच्या तोंडाशी, म्हणजे आंघोळीचं पाणी थेट त्यांना. केळीबद्दल मी विचारलं, "हे काऊन? हे तर दुपारीच माना टाकते."

"तिले पानावर जेवाची सवय होती," तो म्हणाला. "इथं आल्यावर पत्रावळीवर जेवली."

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण घरोघर मातीची नवी घागर आणतो, पाणी भरून, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवून पितरांच्या नावाने पुजतो. जुनी घागर मग पडून राहते. तुळशीरामने गल्लीतून अशा दहा जुन्या घागरी मागून आणल्या. झाडांमध्ये गळ्यापर्यंत पुरल्या. घागर भरली की पाणी मातीतून हळूहळू झिरपतं, मुळं तिला येऊन बिलगतात. आणि सगळ्या जमिनीवर त्याने कुटार म्हणजे मळणीचं भुसकट पसरलं, सोयाबीनचं, तुरीचं, वर निंबाचा पालापाचोळा. पायाचा घोटा बुडेल एवढा थर. बागेच्या मधोमध, जिथे सगळीकडची सावली येऊन मिळते, तिथे एक सपाट दगड ठेवला. बसायला. एकाच माणसाचा दगड.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. बाग वाढली. रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले. भाऊराव आला, एरंडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "अबे, थंड वाटते की." लुंगीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

तुळशीरामने चांगुणाला बागेबद्दल फोनवर काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "आखजीले ये. मायची घागर आहे." सासूची घागर सुनेने भरायची असते. ती हो म्हणाली. शेजारची बाई आठवडाभर आईकडे बघणार होती. जाण्यायेण्याचे सोडले तर इथे चारच दिवस.

तिला आणायला तो स्वतः गेला. कल्याणला गाडी बदलून जायचं, जाऊन येऊन पाच दिवस. जाताना किल्ली माझ्याकडे दिली.

"सकाळी घागरी भरजो. दहा. ड्रमातलं पाणी पुरते."

"अजून काय?"

"काही नाही."

यातलं "काही नाही" मी ऐकलं नाही.

माझी अन्नपूर्णाबाई जाऊन सहा वर्षं झाली. घरात बाई नसली की अंगण कसं होतं ते मला ठाऊक आहे. आधी सडा थांबतो, मग झाडणं. तुळशीरामच्या बागेत तो कुटाराचा, पाचोळ्याचा थर मी आठ महिने बघत होतो आणि मनात म्हणत होतो, झाडं लावली पण याला झाडायचं सुचत नाही. एकट्या माणसाचा आळस. आता बायको चौथ्या वर्षी घरी येणार, आखजीचा सण, पितर दारात येणार, आणि अंगणात घोट्याएवढा कचरा. इंचू-काट्याची भीती वेगळी.

दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा घेतला. पाच तास झाडलं. झाडांच्या बुडातला पाचोळा हाताने काढला, कुठे पान तुटू दिलं नाही. अठरा पोती भरली. मोकळ्या जागेत ओतून पेटवली. मग शेणाचा सडा टाकला. जमीन तळहातासारखी स्वच्छ. कंबर दुखत होती आणि मला फार बरं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी कुणासाठी तरी काम केलं होतं.

घागरी रोज भरल्या. दहाच्या दहा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जमिनीला हात लावला तर हात बसत नव्हता. उन्हाने मुरूम तापून तव्यासारखा झाला होता. सकाळी भरलेल्या घागरी दुपारी कोरड्या. मी संध्याकाळी पुन्हा भरल्या, तर ड्रम तळाला गेला. नळाला अजून चार दिवस होते. माझ्या घरून दोन दोन बादल्या वाहिल्या. चौथ्या दिवशी कर्दळ आडवी झाली. केळीची पानं कडेने करपली, मग चिरली. शेवगा, एरंड, घायपात, चाफा उभे होते. पण जे पान तिला वाढायचं होतं, तेच गेलं होतं.

तेव्हा मला कळलं की तो कचरा नव्हता. जमिनीच्या अंगावरची गोधडी होती ती, आणि ती मी जाळली होती. काम मी चोख केलं होतं. आयुष्यात एकही पोतं टाकलं नाही आणि आता हे.

आखजीच्या आदल्या दिवशी सकाळी ते दोघं रिक्षातून उतरले. पुढे तुळशीराम, हातात तिची पिशवी. फाटकात तो थांबला. त्याने झाडांकडे नाही, जमिनीकडे बघितलं.

"कोणं झाडलं?"

"मी."

"जाळलं?"

"हाव."

पिशवी हातातच होती. मला वाटलं, मारावं याने. एक शिवी तरी द्यावी. तो वाकला आणि केळीचं करपलेलं पान दोन बोटांत धरून उभा राहिला.

चांगुणा आत आली. बारीक झाली होती, केस बरेच पांढरे. शेवग्यापासून गुळवेलीपर्यंत हळूहळू सगळं बघितलं. घागरीच्या तोंडात बोट घातलं. मग मला म्हणाली, "शालिग्राम भाऊजी, पातेरा कुठाय हिथला?"

"काय?"

"पातेरा. झाडाखालचा पाला. आमचे बाबा आंब्याखालचं एक पान उचलू द्यायचे नाय. म्हणायचे, जमीन उघडी टाकलीत तर झाड नागडं झालं." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही ऐकलं होतं हे? तेव्हा?"

तुळशीराम म्हणाला, "विहिरीवर."

"तीस वर्षं झाली त्याला."

"हाव."

ती घरात जाऊन चहा करायला लागली. मी कुटार मागायला निघालो. त्या दिवसांत कुटार सहज मिळत नाही, लोकांनी गुरांसाठी ठेवलेलं असतं. गोविंदा गवळ्याकडून, यार्डातल्या गोदामाच्या झाडलोटीतून, तुरीच्या ढिगाच्या तळातून असं करून संध्याकाळपर्यंत नऊ पोती जमली. अठरा जाळली होती, नऊ आणली. चांगुणाने आणि मी मिळून ती केळीभोवती आणि कर्दळीभोवती पसरली. तुळशीराम दगडावर बसून होता. त्याने काम केलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आखजीला तिने सासूची घागर भरली. जेवायच्या वेळी विळी घेऊन केळीकडे गेली आणि सगळ्यात कमी करपलेलं पान कापलं. कडा कापून टाकल्या, चिरलेला भाग टाकला. मधला तुकडा राहिला, वीतभर रुंद. त्याच्यावर पितरांचा नैवेद्य ठेवला. उरलेल्या एवढ्याशा तुकड्यावर स्वतः जेवली. पुरणपोळी पानाच्या बाहेर येत होती. तुळशीरामला आणि मला ताटात वाढलं.

ती चारच दिवस राहिली. दुपारी घरात बसायची नाही, दगडावर बसायची. गुळवेलीकडे पाठ करून, पदराने वारा घेत. तुळशीराम ओट्यावर. दोघांच्या मध्ये दहा पावलं. बोलायचे की नाही मला माहीत नाही. मी गेलो की दोघंही गप्प असायचे, पण ते नेहमीचं गप्प नव्हतं.

जायच्या सकाळी तिने सासूची नवी घागर उचलली आणि केळीजवळ खड्डा खणून घागर पुरली. टिकास तिनेच चालवलं. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या. तुमचं झाडून झालंय."

मग नवऱ्याला म्हणाली, "आई आहे तोवर मी तिकडे. नंतरचं आता विचारू नका. हिच्यात पाणी घाला. मी फोनवर विचारीन."

आता आषाढ संपत आला आहे. केळीला नव्या पानाची पोगळी आली, कर्दळ उठली. दर शनिवारी मी एक पोतं काडीकचरा पाठीवर घेऊन जातो. रिकाम्यासारखं हलकं असतं ते, तरी पाठ दुखते. पसरून झालं की ओट्यावर बसतो. चार माणसांचा ओटा, आम्ही दोघं.

संध्याकाळी तिचा फोन येतो. ती विचारते, "घागर?"

तो उठून बागेत जातो, घागरीत हात घालून बघतो. बघायची गरज नसते, सकाळी भरलेली असते. परत येऊन म्हणतो, "मनगटापर्यंत."

"बरं," ती म्हणते. पूर्वी इथे फोन बंद व्हायचा. आता थोडा वेळ चालू राहतो. तिकडून पावसाचा आवाज येतो. तो फोन कानाला न लावता मध्ये ओट्यावर ठेवतो आणि आम्ही दोघं तो पाऊस ऐकत बसतो.