वाकड्या स्टिअरिंगचे चार महिने

मी तोंडाची फटकळ आहे, हे बेलापुरात माझ्या शाळेतल्या पोरांपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना मी भर मीटिंगमध्ये ऐकवलेलं आहे. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, शनिवारी घरी येतो, त्यामुळं त्याला आठवड्याचं साठवून एकदम ऐकवते. पण माझ्या सासऱ्यांना एकच वाक्य सांगायचं होतं, ते काही केल्या माझ्या तोंडातून निघेना. त्याऐवजी मी चार महिने वाकड्या स्टिअरिंगची गाडी चालवली.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. साखर कारखान्याच्या जीपवर त्यांची तीस वर्षं गेली. मला गाडी त्यांनीच शिकवली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, कालव्याच्या पाटाच्या कडेच्या रस्त्यावर. नवरा दोन दिवसांत वैतागून घरी जाऊन बसला होता. मामा महिनाभर शेजारी बसले आणि एकदाही आवाज चढवला नाही. मी क्लच झटक्यात सोडला की एवढंच म्हणायचे, "दमानं बाई, कारखाना काय पळून चालला न्हाई."

गेल्या दिवाळीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. नगरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. सोडताना डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला आत बोलावलं. हात-पाय बऱ्यापैकी सुधारतील, म्हणाले, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलंय. दोष डोळ्यात नाही, मेंदूत आहे, ते बहुतेक परत यायचं नाही. गाडी चालवणं कायमचं बंद. बाहेर येऊन आम्ही सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातच जोडले. "ह्यांना एवढ्यात काय बोलू नका. खचतील." आमच्याकडं हे असंच चालतं. आजार एकाचा, आणि तो सोडून बाकी सगळ्या घराला माहीत. त्याला मात्र प्रत्येक जण सांगतो, काही नाही, होईल बरं. नवरा सुप्याला जाताना मला म्हणाला, "तू सांग हळूहळू, तुझं ऐकतात ते." म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात टाकून हा मोकळा.

पंधरा दिवसांत मामा काठी न घेता चालायला लागले, आणि एका सकाळी त्यांनी गाडीची चावी मागितली. आदल्याच दिवशी पुलाजवळच्या खड्ड्यात मी गाडी दाणकन आदळली होती. तेव्हापासून गाडी सरळ जायची, पण स्टिअरिंग डावीकडं कललेलं असायचं. मी पटकन म्हणाले, "मामा, स्टिअरिंग वाकडं झालंय. नीट करून आणते, मग चालवा."

त्यांनी लगेच मानलं. गाडीतला दोष म्हटल्यावर त्यांना पुढं काही सांगावं लागत नाही.

श्रीरामपुरात अलाइनमेंटवाल्याकडं अर्ध्या तासाचं काम. मी गेलेच नाही. दर रविवारी मामा विचारायचे, "झालं का गं तेवढं?" आणि माझी कारणं तयार. शाळेत तपासणी आहे, गॅरेजवाला गावाला गेलाय, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलाय. खोटं बोलायला मला कधी जमत नाही असा माझा समज होता. छान जमलं. चार महिने मी ते कललेलं चाक हातात धरून शाळेत गेले आणि आले, आणि त्या वाकडेपणाचा मला आधारच वाटायला लागला. ते वाकडं आहे तोवर मला काही बोलावं लागत नव्हतं.

होळी झाली. एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर मामा अंगणात गाडीपाशी पाट टाकून बसलेले. पुढ्यात दोन पाने, जॅक, खडू आणि सुतळीचा गुंडा.

"तुला सवड व्हायची न्हाई," म्हणाले. "आपुनच करू. मला खाली शिरता येनार न्हाई. तू शिर, मी सांगतो."

नवरा तेव्हा घरात झोपला होता. त्याला हाक मारावी असं मनात आलं, पण मामांचा तो उत्साह बघून मला नाही म्हणवेना. दिवाळीनंतर पहिल्यांदाच ते स्वतःहून काही कामाला लागले होते. मी जुना गाऊन अडकवला आणि आले.

आधी त्यांनी मला गाडीत बसवून स्टिअरिंग बरोबर सरळ करायला लावलं आणि ते सुतळीनं सीटला बांधून टाकलं, हलू नये म्हणून. मग म्हणाले, आता खाली उतरून चाकं बघ. चाकं उजवीकडं बघत होती. "आता ध्यानात आलं का? वरचं चाक काढून सरळ बशिवलं, तर निस्तं दिसायला सरळ. दुखनं खाली हाय."

त्या दुखण्याचं नाव टायरॉड. स्टिअरिंगपासून पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत जाणारे दोन दांडे. खड्ड्यात आदळल्यावर एकाला दणका बसला होता. आता एक दांडा जेवढा लांब करायचा, तेवढाच दुसरा आखूड करायचा. एकाच बाजूला फिरवलं तर चाकं एकमेकांकडं तोंड करतात आणि टायर खाल्ले जातात. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून गाडी उचलली, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून मामांनी खाली लाकडाचा ओंडकाही सरकवायला लावला. मग मी पाठीवर सरपटत आत.

"दांडा आवळून धरलेला चेकनट ढिल्ला कर. न्हाई, उलटा. तुझ्या उजव्या हाताला. हां. आता दांड्यावर खडूची रेघ मार, म्हंजे किती फिरला ते कळंल."

नट गंजून बसला होता. मी जोर लावला, पाना सटकला, बोटं सोलली आणि माझ्या तोंडून शाळेत न शोभणारा शब्द गेला. वर मामा खुदकन हसले. "जीपला मी हेच म्हनायचो." इतक्या महिन्यांनी त्यांचं हसणं ऐकलं आणि खाली पडल्या पडल्या माझे डोळे भरून आले. आपण ह्या माणसाला फसवतोय, असं सरळ शब्दांत तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

उजवा दांडा दोन वेढे फिरवून झाला. मामांनी आपला पाट डावीकडच्या चाकापाशी नेला. मी त्या बाजूनं बाहेर आले, तर ते हात जमिनीवर फिरवत होते.

"पाना कुठं ठिवला गं?"

पाना त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून पडला होता. वीतभरसुद्धा लांब नव्हता. त्यांनी पुढं बघितलं, उजवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी वाकून तो उचलला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी पान्याकडं बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडं मान पूर्ण वळवून बघितलं. म्हणाले, "दोन वेढेच. जास्त न्हाई."

डावीकडंही दोन वेढे उलटे फिरवले, नट कसले, गाडी खाली घेतली, सुतळी सोडली. मामा शेजारी बसले आणि मी पाटाच्या रस्त्याला लागले. पहिल्या फेरीत स्टिअरिंग थोडं उजवीकडं कललं. जास्त झालं होतं. घरी येऊन पुन्हा खाली शिरले, दोन्हीकडं अर्धा अर्धा वेढा मागं आणला. दुसऱ्या फेरीला पाटाच्या सरळ रस्त्यावर, पुढं-मागं कोणी नाही असं बघून मामा म्हणाले, "हात ढिल्ले सोड." सोडले. स्टिअरिंग मधोमध राहिलं आणि गाडी नाकासमोर चालत राहिली.

"हान तिच्या," मामा म्हणाले. "थांबीव."

मी थांबवली. ते उतरले, बॉनेटला धरत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"उतर. आता तर काय वाकडं न्हाई ना?"

हात सैल सोडून ते उभे होते. सकाळी दाढी केली होती त्यांनी, ते मला तेव्हा दिसलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. बाजूनं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, तो पार वळणाआड जाईपर्यंत मी तशीच. मग मी म्हणाले, "मामा, तुम्ही गाडी चालवायची नाही. कधीच नाही. डाव्या बाजूचं तुम्हाला दिसत नाही, आणि ते परत येणार नाही. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं."

बोलून झाल्यावर मला रडूच फुटलं. ते रागावतील, खचतील, तिथंच खाली बसतील, असं काय काय वाटत होतं. ते दाराला धरून उभेच राहिले.

"दिवाळीत सांगितलं?"

"हो."

"समद्यांना ठाऊक हाय?"

"हो."

त्यांनी पाटाच्या पाण्याकडं बघितलं.

"दिसत न्हाई ते मला बी कळत हुतं गं," ते म्हणाले. "पन घरात कुनीच काय बोललं न्हाई. म्हनलं, डॉक्टर तसं काय म्हनला असता, तर तू तरी बोलली असतीस. तू काय कुनाची भीड ठिवनारी न्हाईस. म्हनून रोज सकाळी उठल्यावर आधी डावीकडचं कॅलेंडर बघायचो, आज दिसतंय का म्हनून. चार महिने बघितलं."

त्यांनी माझ्या बाजूचं दार हळूच लावलं आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीला वळसा घालून गेले. मी आतून पलीकडचं दार उघडून धरलं.