बंड्याची साखर उतरली आणि आई धावली

मंडळी, आज आईचा इतका अभिमान वाटतोय की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या बंड्याला, म्हणजे नऊ वर्षांच्या कुत्र्याला, डायबेटिस आहे. दोन्ही वेळा जेवण झालं की इन्सुलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. आज सकाळी ते देऊन मी अंबडला कंपनीत गेलो.

तासाभरात आईचा फोन आला. "बंड्यानं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. पाय लटपटतायत त्याचे. साखर उतरली असणार. डॉक्टरांना विचारून हिरड्यांना मध चोळलाय. रिक्षात बसतेय, तू थेट दवाखान्यात ये."

घरात कुत्रं नको म्हणून महिनाभर माझ्याशी अबोला धरणारी हीच ती आई!

नाशिक रोडला दवाखान्यात पोचलो, तर बंड्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मला बघून त्यानं शेपटी हलवली. डॉक्टर म्हणाले, "काकूंनी वेळेत ओळखलं, म्हणून वाचला."

मी विचारलं, "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

"तू डॉक्टरांशी बोलतोस तेव्हा मी काय भिंतीकडे बघत बसते?"

तुमच्याही घरात आहे का कुणी असं, आधी नको नको म्हणणारं आणि वेळेला सगळ्यांत पुढे धावणारं?