नातेवाईकांनी बाहेर थांबावे

हाटकेश भागातल्या एका गाळ्यात दगडमातीचं सीटी स्कॅन करणारे एक गृहस्थ आहेत. मी महिन्यातून दोनदा तरी त्यांच्याकडे शेतातली माती प्लास्टिकच्या नळीत भरून नेते. पाणी आत कुठून झिरपतं, ते माती न फोडता बघायचं असतं.

गृहस्थ आधी इस्पितळात कामाला होते आणि ती सवय काही सुटलेली नाही. दगड असो की माती, आधी विचारतात, "उपाशी आणलंय ना?" मग नळी मशीनमध्ये ठेवून तिला दटावतात, "हलायचं नाही हां!" दारावर 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे' अशी पाटीसुद्धा आहे. मी निमूट बाहेर थांबते.

परवा मोरवा गावच्या मातीचं चित्र धूसर आलं. "पेशंट हलला, म्याडम," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "माती कशी हलेल? मशीन बिघडलंय म्हणा ना! पुढच्या वेळी मी दुसरीकडे जाते."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. ते पडद्यावर मातीचा एकेक काप बघत बसले आणि एका बिळाशी थांबले. तेवढ्यात टेबलावरच्या नळीतून एक जाडजूड गांडूळ बाहेर डोकावलं.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी गांडूळ अलगद चिमटीत धरलं, दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीत सोडलं आणि पाटीकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "वाचता येत नाही का?"